गोव्यात दिवाणी दाव्यात साक्ष द्यायची आहे? पहिल्यांदा कोर्टात उभं राहणाऱ्यासाठी

गोव्यात जमिनीचे दावे घरोघर आहेत. कुणाचा मुंडकारीचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा), कुणाचा वाटेचा, कुणाचा मेरेचा म्हणजे हद्दीचा, कुणाचा भावाभावांतल्या वाटणीचा. त्यामुळे कधी ना कधी शेजारी नाहीतर चुलतभाऊ दारात येऊन म्हणतो, "तू सगळं बघितलंयस, तू साक्ष दे." मग चांगला धीराचा माणूसही त्या रात्री झोपत नाही. फोंडा तालुक्यातल्या एका वाटेच्या दाव्यात मी साक्ष दिली, आणि नंतर घरातली व वाड्यावरची माणसं साक्षीला उभी राहताना जवळून पाहिली. सगळ्यांच्या भीतीचं मूळ एकच होतं: तिथे नेमकं काय होतं हे आधी कुणी सांगत नाही. वकिलांना ते रोजचं, म्हणून त्यांना सांगायचं सुचत नाही.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कोर्टात तुम्ही जे बोलता ते त्या खोलीत राहतं, पुढे जातो तो कागद. न्यायाधीशांची बदली होते, दावा अपिलात जातो, आणि काही वर्षांनी निकाल देणारा माणूस तुमचं तोंडही न पाहता तो कागद वाचतो. म्हणून साक्षीदाराचं काम दुहेरी आहे. खरं सांगायचं, आणि ते कागदावर तसंच उतरतंय ना हे बघायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

हा लेख दिवाणी दाव्यांपुरता आहे. फौजदारी खटल्यात पोलिसांनी घेतलेला जबाब वगैरे वेगळ्या गोष्टी येतात. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाने 'डिपोझिशन' म्हणजे खटल्याआधी वकिलाच्या ऑफिसात होणारी तपासणी असं सांगितलं असेल, तर तसा टप्पा आपल्याकडे नाही. आपल्याकडे साक्ष म्हणजे दाव्याचाच भाग, शपथेवर दिलेली.

१. समन्स हातात आलं की आधी पूर्ण वाचा

बेलीफ समन्स घेऊन येतो. त्यावर दाव्याचा नंबर, कोर्टाचं नाव, तारीख आणि वेळ असते. बघायची मुख्य गोष्ट ही की तुम्हाला साक्षीला बोलावलंय की फक्त कागद हजर करायला. फक्त कागदासाठी असेल तर तो दुसऱ्याच्या हातून पाठवूनही चालतो. दोन्हींसाठी असेल तर तुम्हालाच जावं लागतं.

समन्स घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ प्रमाणे कारण नसताना गैरहजर राहणाऱ्या साक्षीदाराविरुद्ध वॉरंट निघू शकतं, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरंच अडचण असेल, आजारपण असेल, तर ज्याने बोलावलंय त्याच्या वकिलाला लगेच कळवा आणि डॉक्टरचा कागद द्या. साक्षीदाराच्या प्रवासाचा व त्या दिवसाचा खर्च बोलावणाऱ्या पक्षाने कोर्टात भरायचा असतो. तो मागायला संकोच करू नका.

पुष्कळदा समन्स येतच नाही. पक्षकार आपला साक्षीदार स्वतः घेऊन येतो. तेव्हा दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या आणि मोबाइलवरच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाका. पुढची तारीख तुम्हाला तिथेच दिसते, कुणाला रोज फोन करावा लागत नाही.

२. तुम्ही पक्षकार आहात की साक्षीदार?

वादीच्या बाजूने येणाऱ्यांना पी.डब्ल्यू. १, पी.डब्ल्यू. २ असे नंबर मिळतात, प्रतिवादीच्या बाजूने येणाऱ्यांना डी.डब्ल्यू. पक्षकार स्वतः साक्ष देणार असेल तर सहसा त्याने आधी यायचं, बाकीचे साक्षीदार नंतर. दुसऱ्याची साक्ष चालू असताना तुम्ही बाहेर थांबलात तर उत्तम, नाहीतर "याचं ऐकून बोलतोय" असं तुमच्याबद्दल म्हणायला जागा राहते.

गोव्यात इथे एक मोठी चूक वारंवार होते. दाव्याचा मालक आखातात, लंडनला नाहीतर लिस्बनला असतो आणि भावाला मुखत्यारपत्र देऊन मोकळा होतो. मुखत्यार कागदांवर सह्या करू शकतो, दावा चालवू शकतो. पण जी गोष्ट मालकाच्याच वैयक्तिक माहितीतली आहे तिच्याबद्दल मुखत्यार मालकाच्या जागी साक्ष देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केलंय. मुखत्यार बोलू शकतो ते स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं. आणि पक्षकार साक्षीला उभाच राहिला नाही, तर त्याची बाजू खरी नसावी असा तर्क कोर्ट काढू शकतं. परदेशातल्या माणसाने सुट्टीच्या तारखा वकिलाला आधी कळवाव्यात, किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घ्यावी असा अर्ज वेळेत करायला सांगावं. ऐन तारखेच्या आदल्या आठवड्यात हे जमत नाही.

नवरा-बायको दोघंही दाव्यात असतील तर घरात बसून ठरवा की कोण काय सांगणार. आपल्या नागरी कायद्यामुळे बहुतेक मालमत्ता दोघांच्या समाईक असतात, म्हणून दाव्यात दोघांची नावं येतात. पण वाट कुणी वापरली, भाडं कुणी घेतलं, हे ज्याला ठाऊक त्यानेच बोलावं. सासरी नंतर आलेल्या बाईला लग्नाआधीच्या काळाबद्दल बोलायला लावू नका. तिचं त्या आधीचं सगळं ऐकीव ठरतं.

३. ॲफिडेव्हिट: साक्ष खरी इथेच सुरू होते

२००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाने घ्यायची तपासणी, तोंडी होत नाही. तुमची हकीकत वकील प्रतिज्ञापत्रात (ॲफिडेव्हिटमध्ये) लिहितो, ते तुम्ही शपथेवर सही करून दाखल करता, आणि तीच तुमची सरतपासणी धरली जाते. कोर्टात तोंडी होते ती उलटतपासणी, समोरच्या वकिलाने घेतलेली. ती त्याच ॲफिडेव्हिटवर होते, वाक्यावाक्यावर.

आता अडचण बघा. ॲफिडेव्हिट इंग्रजीत असतं. साक्षीदार सत्तर वर्षांचा, मराठी चौथी शिकलेला. वकिलाच्या ऑफिसात गर्दी. "इथे सही करा काका, सगळं तुम्ही सांगितलंय तेच आहे." काका सही करतात. सहा महिन्यांनी समोरचा वकील परिच्छेद सातवर बोट ठेवतो आणि काकांना त्यात काय आहे ते ठाऊक नसतं. साक्ष तिथेच पडते. काका खोटं बोलत होते म्हणून नव्हे, कागद त्यांचा नव्हता म्हणून.

त्यामुळे हे करा:

- मसुदा घरी मागून घ्या. सही करण्याआधी निदान एक रात्र तो तुमच्याकडे राहू दे.
- इंग्रजी येणाऱ्या मुलाला, भाचीला बसवा आणि एकेक परिच्छेद मराठीत किंवा कोंकणीत समजून घ्या. प्रत्येक परिच्छेदाला स्वतःला विचारा: हे मी पाहिलं, की मला कुणी सांगितलं?
- पाहिलेलं नसेल ते वाक्य काढायला सांगा. ऐकलेलं असेल तर "माझ्या आजोबांकडून ऐकलं" असं लिहायला सांगा. त्याला किती वजन द्यायचं ते कोर्ट ठरवील.
- दाव्याच्या अर्जातला मजकूर जसाच्या तसा उचललेला दिसला तर वकिलाला विचारा. पाच साक्षीदारांची ॲफिडेव्हिटं शब्दशः सारखी असली की समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं.
- "अनादी काळापासून", "पिढ्यान् पिढ्या" असले शब्द तुमचे नसतील तर नकोत. तुमचं वय साठ असेल तर तुम्हाला आठवतं ते पन्नासेक वर्षांचं.
- शेवटी, मजकूर कोणत्या भाषेत समजावला याची ओळ घालून घ्या.

वकिलाला हे आवडत नाही असं काही जणांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. चांगला वकील अशा साक्षीदारावर जास्त विसंबतो. आणि नाही आवडलं तरी शपथ तुमच्या नावावर आहे. न्यायालयात खोटा पुरावा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वकील परवडत नसेल तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

४. कागद जमवा, आणि कागदांशी ओळख करून घ्या

जमीन-घराच्या दाव्यात साधारण हे लागतं:

- ओळखपत्र, समन्स, तुमच्या ॲफिडेव्हिटची प्रत
- दाव्याची आणि प्रतिवादीच्या कैफियतीची प्रत
- एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांच्या सरकारी नोंदींचा) आणि सर्व्हे प्लॅन, शहरात असाल तर त्याच्या जागी फॉर्म डी
- पंचायतीची घरपट्टीची पावती, विजेची जुनी बिलं
- पोर्तुगीज काळातले कागद: माट्रीझ (मालमत्ता-कराची जुनी नोंद), लँड रजिस्ट्रेशनमधलं मालमत्तेचं वर्णन व नोंद, जुनी दस्तऐवजं, आणि त्यांचं भाषांतर
- इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं प्रकरण) झालेली असेल तर त्याची नक्कल
- फोटो

जुना पोर्तुगीज दस्त घरात सापडत नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधता येतो. वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

एक-चौदाबद्दल गैरसमज फार. त्यात नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं बहुतेकांना वाटतं आणि ते साक्षीत ठासून सांगतात. भू-महसूल संहितेप्रमाणे त्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात, इतकंच. तो उतारा स्वतः मालकी देत नाही. उताऱ्यातला कुळाचा रकाना आणि 'इतर हक्क' हा रकानाही वाचून ठेवा. मुंडकाराचं घर पुष्कळदा त्या शेवटच्या रकान्यात असतं, आणि "तिथे कुणाचं नाव आहे?" हा प्रश्न हमखास येतो.

दुसरी गोष्ट नावांची. पोर्तुगीज कागदांत प्रभू 'पोरोबो' होतात, कामत 'कामोतीं' होतात, शेणवी 'सिनाय' होतात. गावांचंही तेच, डिचोलीचं 'बिचोली', साखळीचं 'सांकेली'. आजोबांचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी आलेलं असेल तर ते तिन्ही समोर ठेवून वकिलाला आधीच दाखवा आणि एकच माणूस असल्याचं ॲफिडेव्हिटमध्ये लिहून घ्या. नाहीतर "हा कागद तुमच्या आजोबांचा नाहीच" हे तुम्हाला पहिल्यांदा विटनेस बॉक्समध्ये ऐकावं लागेल.

फोटो मोबाइलमधले असतील तर नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे. एक भाग फोन वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फोटो कुणी काढला, कधी, कोणत्या फोनवर, हे लिहून ठेवा आणि मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याआधीपासून चालू असलेल्या प्रकरणांना जुना साक्ष कायदा लागू राहतो, तेव्हा तुमचं प्रकरण कुठे बसतं ते वकिलाला विचारा.

५. साल, दिशा, अंतर

साक्षीदार सर्वांत जास्त घसरतो तो इथे.

साल आठवत नसेल तर अंदाजाने आकडा फेकू नका. आपल्या आठवणी आकड्यांना बांधलेल्या नसतात, घटनांना बांधलेल्या असतात. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. ओपिनियन पोल, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचं मतदान, झाला १६ जानेवारी १९६७ ला. घटक राज्य झालो ३० मे १९८७ ला. शिवाय घरातली लग्नं, मृत्यू, मुलांची शाळा. "कुंपण घातलं ते थोरलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या पावसात" हे उत्तर चालतं, आणि लग्नाचं साल तुम्हाला पक्कं असतं. आदल्या आठवड्यात घरी बसून अशी एक यादी करा, घटना एका बाजूला, तुमची आठवण दुसऱ्या बाजूला. यादी पाठ करायची नाही. मनात क्रम लागला की पुरे.

दिशेसाठी एक सकाळ खर्च करा. सूर्य उगवतो त्या बाजूला तोंड करून त्या जागेत उभे राहा. पूर्वेला कुणाचं भाट (बागायत), दक्षिणेला व्हाळ (ओढा), पश्चिमेला वाट, उत्तरेला कुणाची मेर, हे बघून घ्या. गावात आपण "वरच्या अंगाला", "देवळाकडच्या बाजूला" असं बोलतो. जुन्या दस्तात मात्र चतुःसीमा दिशांनीच असतात आणि वकील प्रश्नही दिशांनीच विचारतो.

अंतरासाठी टेप घेऊन जा. वाट दोन मीटर की तीन मीटर, घर वाटेपासून किती दूर, विहीर कुठे. मोजता येत नसेल, आता तिथे बांधकाम झालं असेल, तर "बैलगाडी जात होती" किंवा "दोन माणसं शेजारी शेजारी चालत" असं सांगा. ते तुम्ही पाहिलेलं असतं. मीटरमधला चुकीचा आकडा तुमचा नसतो.

६. कोणत्या भाषेत बोलणार?

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर होतो. दिवाणी कोर्टातली नोंद मात्र इंग्रजीत होते. तुम्ही मराठीत किंवा कोंकणीत उत्तर देता, न्यायाधीश ते इंग्रजीत स्टेनोला सांगतात, स्टेनो टाइप करतो. पुष्कळ ठिकाणी समोरच्या पडद्यावर ते दिसतंही.

सुरुवातीलाच सांगा, "मी मराठीत साक्ष देईन." मग शेवटपर्यंत त्याच भाषेत राहा. मध्येच इंग्रजीत उत्तर देऊ नका, चांगलं येत असलं तरी. एकदा इंग्रजीत बोललात की नंतर "नोंद मला कळली नाही" म्हणता येत नाही.

न्यायाधीश स्टेनोला काय सांगतायत तिकडे लक्ष द्या. तुम्ही "वाट" म्हणालात आणि कागदावर 'रोड' आलं, तर समोरच्याला पंचायतीचा रस्ता असल्याचं म्हणता येतं. तेव्हाच हात जोडून सांगा, "साहेब, रोड नव्हे, पायवाट." मॅडम असतील तर मॅडम. न्यायाधीश अशा दुरुस्तीला रागावत नाहीत, तुम्ही शांतपणे आणि लगेच सांगितलं तर.

७. उलटतपासणी

एक नियम समजला की बाकी सोपं. साक्ष प्रश्नोत्तराच्या रूपात लिहिली जात नाही, सहसा सलग हकिकतीच्या रूपात लिहिली जाते. म्हणजे वकील विचारतो, "१९९८ साली तिथे कुंपण नव्हतं ना?" तुम्ही म्हणता, "हो." आणि कागदावर येतं: '१९९८ साली तिथे कुंपण नव्हतं हे खरं आहे.' प्रश्न गेला, वाक्य तुमच्या तोंडचं झालं. तुम्हाला "हो, होतं" म्हणायचं असलं तरी.

म्हणून "हो" आणि "नाही" एकटे सोडू नका. पूर्ण वाक्यात उत्तर द्या: "१९९८ साली तिथे कुंपण होतं." विशेषतः "असं नाही का की तुम्ही गेला नव्हता?" अशा दुहेरी नकाराच्या प्रश्नाला. एखादा प्रश्न इतका गुंतागुंतीचा असेल की उत्तर प्रश्नाशिवाय चुकीचं वाटेल, तर तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तुमच्या वकिलाने ते मागायचं असतं. त्याला आधीच सांगून ठेवा.

समोरचा वकील सूचक, म्हणजे उत्तर आतच सुचवणारे प्रश्न विचारतो, त्याला ती मुभा आहे. शेवटी तो आपल्या पक्षकाराची बाजू एकेक करून तुमच्यापुढे ठेवतो: "तुम्ही त्या वाटेने कधी गेलाच नाही असं माझं म्हणणं आहे." याला सजेशन म्हणतात. हा अपमान नव्हे. त्याला ते विचारावंच लागतं, नाहीतर तुमचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. खरं नसेल तर "हे खरं नाही" एवढंच म्हणा. पुन्हा सगळी हकीकत सांगायला बसू नका.

"आठवत नाही" आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडलेलं तुम्ही पाहिलं पण आता स्मरत नाही, तेव्हा पहिलं. तुम्हाला ते कधी ठाऊकच नव्हतं, तेव्हा दुसरं. अवघड प्रश्नाला सगळीकडे "आठवत नाही" म्हणणारा माणूस सोप्या गोष्टीही विसरलेला दिसतो. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे, हेही ध्यानात असू द्या.

काही प्रश्न जवळपास प्रत्येकाला येतात. त्यांची खरी उत्तरं आहेत, ती बिनदिक्कत द्या.

"साक्षीआधी वकिलाला भेटलात का?" हो, भेटलो. भेटणं गैर नाही. लपवणं मात्र महागात पडतं.

"ॲफिडेव्हिट कुणी लिहिलं?" मी सांगितलं, वकिलांनी इंग्रजीत लिहिलं, मला मराठीत समजावलं, मग मी सही केली.

"वादी तुमचा नातेवाईक ना?" असेल तर हो. मेरेची, वाटेची माहिती नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांनाच असते, कोर्टाला ते कळतं.

"ही सही तुमची?" आधी कागद हातात घ्या, सगळी पानं बघा, चष्मा लावा. सही ओळखणं आणि मजकूर मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. "सही माझी आहे, पण यातला मजकूर मला वाचून दाखवला नव्हता" हे खरं असेल तर एका दमात सांगा, तुकडे करून नको.

आणि हो, आयुष्यात कधी न पाहिलेला कागद अचानक पुढे येऊ शकतो. उलटतपासणीत पक्षकारालाही असा नवा कागद दाखवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. दचकू नका. वाचा. इंग्रजी किंवा पोर्तुगीज असेल तर "मला वाचता येत नाही, समजावून सांगा" म्हणा.

वकील गप्प बसला की तुम्हीही गप्प बसा. शांतता भरून काढायला माणूस जास्तीचं बोलतो, आणि पुढचे तीन प्रश्न त्यातूनच निघतात. उत्तर देताना न्यायाधीशाकडे बघा, तुमच्या वकिलाकडे नको. तुमचा वकील हरकत घेतोय असं दिसलं तर थांबा, कोर्टाचा निर्णय होऊ द्या, मग बोला. केवळ छळायला किंवा अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्ट थांबवतं.

उलटतपासणी अर्धी राहिली आणि पुढची तारीख पडली, तर मधल्या काळात वकिलाशी किंवा घरच्यांशी साक्षीच्या मजकुराबद्दल बोलू नका. पुढच्या तारखेला पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

८. साक्षीचा दिवस

साधे, स्वच्छ कपडे. सकाळी दहाच्या आत पोचा. पावसाळ्यात कदंबवर विसंबलात तर एक बस आधीची धरा. प्यून दाव्याचा नंबर आणि नावं पुकारतो, तेव्हा मोबाइल बंद करून आत असा. वयस्कर माणसाने बरोबर पाणी, औषध आणि काहीतरी खायला न्यावं, कारण दुपारनंतरही नंबर लागतो. उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा, मिळते.

शपथ ईश्वराच्या नावाने किंवा प्रतिज्ञेवर घेता येते, निवड तुमची. त्यानंतर ॲफिडेव्हिट दाखवून "हे तुमचंच का, सही तुमची का" असं विचारतात. त्यात काही चूक राहिलेली ध्यानात आली असेल तर ती दुरुस्त करण्याची वेळ हीच, उलटतपासणी सुरू होण्याआधीची. सालाची चूक स्वतःहून सांगितली तर ती साधी चूक राहते. समोरच्याने काढली तर वेगळी दिसते.

दिवस फुकट जाण्याची मनाची तयारी ठेवा. न्यायाधीश रजेवर, वकील हायकोर्टात पर्वरीला, दुसऱ्या बाजूचा मुदतीचा अर्ज, असं होतं. कधी कधी कोर्ट उलटतपासणीसाठी कमिशनर नेमतं, बहुधा एखाद्या वकिलाला. तेव्हा साक्ष त्याच्यासमोर नोंदली जाते. जागा साधी दिसली तरी शपथ तीच आणि कागदाचं वजन तेच. तिथे हरकतींवर लगेच निकाल मिळत नाही, त्या लिहून ठेवल्या जातात आणि कोर्ट नंतर ठरवतं. म्हणून तिथे उत्तरं आणखी सावकाश द्या.

९. सही करण्याआधी, आणि नंतर

टाइप केलेली साक्ष सहीसाठी पुढे येते तेव्हा दुपार झालेली असते, पुढचा दावा पुकारलेला असतो, सगळ्यांना घाई असते. तुम्ही घाई करू नका. नोंद तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत असेल तर तुम्ही साक्ष दिलेल्या भाषेत ती समजावून सांगायला हवी, असं आदेश १८ नियम ६ सांगतो. "साहेब, मला मराठीत वाचून दाखवा" हे मागणं म्हणजे कुणावर अविश्वास नव्हे.

ऐकताना चार गोष्टींकडे कान द्या: सालं, दिशा, नावं, आणि 'नाही' हा शब्द योग्य जागी आहे का. चूक दिसली तर सहीआधी न्यायाधीशांना सांगा. सही प्रत्येक पानावर होते.

सही झाल्यावर त्याच आठवड्यात साक्षीच्या नकलेसाठी अर्ज करायला वकिलाला सांगा. घरी ती इंग्रजी येणाऱ्या माणसाबरोबर पुन्हा वाचा. मोठी चूक राहिलेली आढळली तर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर करणं न करणं कोर्टाच्या हाती असतं आणि उशीर झाला की ते आणखी कठीण. नक्कल तुमच्या ॲफिडेव्हिटबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा. दावा अपिलात गेला, किंवा त्याच जमिनीवरून मामलेदारासमोर दुसरं प्रकरण उभं राहिलं, तर तिथे हीच साक्ष तुमच्यापुढे धरली जाते, आणि तेव्हा आपण आधी काय सांगितलंय हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.